आवाजास आधीं वाट

कोणतेंहि यंत्र जोंवर नीट चालत असतें तोंवर आपणांस त्याची आठवणहि होत नाहीं; तें अडलें म्हणजे मात्र त्याच्या पोटांत डोकावून पाहण्याची बुद्धि होते. मागील वर्षीं आमच्या शाळेंतील टेलिफोन असाच अडला. त्यामुळें आम्हांस जें शिकावयास मिळालें तें विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांनाहि उपयोगी पडेल, अशा समजुतीनें तें येथें सांगत आहों.

प्रसंग साधाच होता. बोर्डिंगांतील एक लहान मुलगा तापानें आजारी होता. त्याच्या आईनें सायंकाळीं शाळेच्या कचेरींत फोन केला, व कारकुनानें तो बोर्डिंगांत मेट्रनबाईंकडे जोडून दिला. आई सांगत होती, "त्याला ती गोळी चालत नाहीं." बाईंना ऐकूं आलें तें इतकेंच : "त्याला ती गोळी चालत..." पुढें क्षणभर शांतता, आणि मग भलताच एक तुटका शब्द. बाई सावध होत्या. त्यांनीं पुन्हां पुन्हां विचारलें, आणि तिसऱ्या खेपेस "नाहीं" हा शब्द त्यांच्या कानीं पडला. अनर्थ टळला. परंतु मराठींत नकार बहुधा वाक्याच्या अगदीं शेवटीं येतो, आणि तेवढा अर्ध्या सेकंदाचा तुकडा गळाला तर वाक्याचा अर्थ उलटा होतो, ही गोष्ट त्या दिवशीं आम्हां सर्वांच्या मनांत ठसली.

या प्रकाराचा शोध घेऊं लागलों तेव्हां पांच गोष्टी ध्यानांत आल्या, आणि त्यांचा एकमेकींशीं मेळ बसेना. पहिली ही कीं, मेट्रनबाईंच्या फोनवर आवाज तुटे, पण त्याच इमारतींतील स्वयंपाकघराचा फोन अगदीं स्वच्छ चाले. दुसरी, दोन्ही यंत्रांची अदलाबदल करून पाहिली तेव्हां खोड यंत्राबरोबर स्वयंपाकघरांत गेली. त्यामुळें सर्वांनीं यंत्रालाच दोष दिला. तिसरी, तेंच 'बिघडलेलें' यंत्र सकाळीं निर्दोष चाले. खोड निघे ती सायंकाळीं पांच ते सातच्या दरम्यान. चौथी, बाईंना आईचें बोलणें तुटक येत असतां आईला मात्र बाईंचें बोलणें शेवटपर्यंत स्पष्ट ऐकूं येत होतें. एकच गोष्ट बाई तीनदां कां विचारतात हें तिला कळेना. पांचवी गोष्ट सर्वांत चमत्कारिक. शाळेची मुख्य इमारत व बोर्डिंग यांच्यामध्यें पूर्वीं एकच तार होती. ती अपुरी पडते म्हणून उन्हाळ्याच्या सुटींत तिच्या शेजारीं दुसरी तार घातली, आणि तक्रारी सुरू झाल्या त्या त्यानंतर! रस्ता दुप्पट केला आणि गाडी अडूं लागली, असा हा प्रकार झाला.

याचा उलगडा होण्यासाठीं आवाज तारेंतून कसा जातो तें आधीं पाहिलें पाहिजे. मुंबईंत टेलिफोनचें एक्स्चेंज १८८२ सालीं सुरू झालें. त्या काळच्या पद्धतींत दोन माणसें बोलूं लागलीं कीं, तारेची एक वाट त्यांचें बोलणें संपेपर्यंत त्यांच्यासाठींच राखून ठेवलेली असे. तीं गप्प बसलीं तरी ती वाट दुसऱ्या कोणास मिळत नसे. ही पद्धत उधळी खरी; पण तींत एक मोठा गुण होता. एकदां जोडणी झाली म्हणजे मध्येंच कोणी आवाजास अडवीत नसे.

आज अनेक कचेऱ्यांत व कांहीं शाळांत टेलिफोन आणि संगणक एकाच जाळ्यावर चालतात, आणि या जाळ्यांत कोणासाठींहि वाट राखलेली नसते. फोन आपल्या आवाजाचें माप सेकंदास ८,००० वेळां घेतो आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितो. बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढी एक खूण. याप्रमाणें सेकंदास ६४,००० बिट होतात. जी.७११ या नांवाची ही पद्धत १९७२ सालीं ठरली, आणि ती आजहि सर्रास वापरांत आहे. हे बिट सुटे न पाठवितां २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचें एक पुडकें बांधतात. त्यास पॅकेट म्हणतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेव्हां अशीं ५० पुडकीं दर सेकंदास निघतात. प्रत्येक पुडक्यांत आवाजाचे १६० बाइट असतात (८ बिटांचा एक बाइट), आणि त्यांवर पत्ता, अनुक्रम इत्यादि मजकुराचें वेष्टन असतें. वेष्टनासह हिशेब केला तर एका बोलण्यास एका दिशेनें सेकंदास सुमारें ९७,००० बिट लागतात. "नाहीं" हा शब्द उच्चारण्यास अर्धा सेकंद लागतो असें धरलें, तर तो पंचवीस पुडक्यांत विभागून प्रवास करतो.

आतां तारेची शक्ति पाहूं. आमच्या दोन इमारतींमधील प्रत्येक तार जुन्या बेताची, म्हणजे शंभर मेगाबिटांची आहे; तिच्यांतून सेकंदास दहा कोटि बिट जाऊं शकतात. एकाच वेळीं दहा माणसें बोलत असलीं तरी त्यांना दहा लाख बिटहि लागत नाहींत. म्हणजे तारेचा शंभरावा भागहि आवाज व्यापीत नाहीं! मग तो अडतो कां?

तो अडतो तो नाक्यावर. तारेच्या दोन्ही टोकांस स्विच नांवाची पेटी असते. आलेल्या पुडक्यावरचा पत्ता वाचून तें योग्य तारेवर सोडणें हें तिचें काम. तारेच्या शक्तीहून अधिक पुडकीं एकदम आलीं तर स्विच तीं रांगेंत ठेवतो. रांगेची जागा मर्यादित असते. ती भरली म्हणजे पुढें येणारें पुडकें तो सरळ टाकून देतो. आमच्या शाळेंत दर सायंकाळीं संगणक-वर्गांतील दिवसभराच्या कामाच्या प्रती बोर्डिंगच्या इमारतींतील साठवण-यंत्रांत उतरवून ठेवतात. हेतु हा कीं, एका इमारतीस कांहीं अपाय झाला तरी काम वांचावें. वीस-पंचवीस संगणक एकदम प्रती पाठवूं लागले म्हणजे मुख्य इमारतीच्या नाक्यावर गर्दी उसळते. रांगेंत दहा लाख बाइट सांचले असें समजा. ते ऐंशीं लाख बिट झाले, आणि सेकंदास दहा कोटि या वेगानें ते निघून जाण्यास ८० मिलिसेकंद लागतात. त्यांच्या मागें उभ्या राहिलेल्या आवाजाच्या पुडक्यास तितका वेळ तिष्ठत बसावें लागतें. जागाच नसली तर तें नाहींसें होतें.

येथें कागदपत्र आणि आवाज यांच्या स्वभावांतील भेद ध्यानांत घ्यावा. प्रत उतरवितांना एखादें पुडकें हरवलें तर पाठविणारा संगणक तें पुन्हां पाठवितो, आणि काम चार क्षण उशिरानें पण बिनचूक पुरें होतें. आवाजास ही सवलत नाहीं. ऐकणाऱ्याच्या फोनमध्यें थोडीं पुडकीं जमवून तीं सारख्या चालीनें वाजविण्याची सोय असते. पण त्याहून अधिक उशिरानें आलेलें पुडकें आलें काय आणि न आलें काय, सारखेंच. तोंडापासून कानापर्यंतचा एका दिशेचा सर्व उशीर १५० मिलिसेकंदांच्या आंत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यांतले ८० एकाच नाक्यावर गेले तर पुढच्या प्रवासास उरलें काय? सारांश, कागदपत्रांस मोठी वाट हवी असते पण घाई नसते. आवाजास वाट थोडी पुरते, पण ती वेळेवर मिळावी लागते.

यावर उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. पुडक्याच्या वेष्टनावर निकडीची खूण करावयाची. जाळ्याच्या नियमांत यासाठीं दोन जागा ठरलेल्या आहेत. एक खूण स्विचांच्या आपसांतील वेष्टनांत असते. तिला तीन बिटांची जागा दिलेली असल्यामुळें ० पासून ७ पर्यंत आठ दर्जे लिहितां येतात, आणि बहुधा आवाजास ५ हा दर्जा देतात. दुसरी खूण त्याच्या आंतील वेष्टनांत असते. ती सहा बिटांची, म्हणून तिच्यांत ० ते ६३ असे चौसष्ट आंकडे बसतात, आणि आवाजासाठीं ४६ हा आंकडा ठरलेला आहे. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं ४६ ही संख्या द्विमान पद्धतीनें लिहून पाहावी. ती १०१११० अशी येते. तिचे पहिले तीन अंक १०१, म्हणजेच ५. दोन्ही खुणा एकमेकींस धरून आहेत त्या अशा.

ही खूण पाहून स्विच आवाजाचीं पुडकीं निराळ्या रांगेंत ठेवतो, आणि तार मोकळी होतांच प्रथम त्या रांगेकडे पाहतो. तींत कोणी नसेल तरच इतरांची पाळी येते. यानें होणारा लाभ आंकड्यांनींच पाहा. जें पुडकें तारेवर चढून निघालेंच आहे तेवढ्याची वाट आवाजास पाहावी लागते. आणि सामान्यतः मोठ्यांत मोठें पुडकें सुमारें दीड हजार बाइटांचें असल्यामुळें तें ०.१२ मिलिसेकंदांत निघून जातें. कोठें ८० आणि कोठें ०.१२! शिवाय इतरांचें नुकसान म्हणाल तर आवाज तारेचा शंभरावा भागहि खात नसल्यामुळें तें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

हा नियम आमच्या पहिल्या तारेवर आरंभापासून घातलेला होता. म्हणूनच एक तार असतांना, प्रती उतरविण्याच्या वेळींहि, फोन नीट चालत. मग दुसरी तार आल्यावर बिघडलें काय?

दोन तारा जोडून त्यांची एकच वाट करण्याच्या युक्तीस लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांना ही युक्ति एकमेकांशीं जुळवून वापरतां यावी म्हणून आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनें २००० सालीं तिचे नियम ८०२.३ॲड या क्रमांकानें ठरविले. नदीवर एक पूल असतां शेजारीं दुसरा बांधावा, तसेंच हें. पण दोन पूल म्हणजे दुप्पट रुंद एक पूल नव्हे, आणि या एका गोष्टींतच आमच्या कोड्याची किल्ली आहे. एका संभाषणाचीं पुडकीं दोन्ही तारांवर विभागून सोडलीं तर मागचें पुढें आणि पुढचें मागें होण्याचें भय; पत्राचीं पानें दोन टपालांनीं पाठविल्यासारखेंच तें होईल. म्हणून स्विच असा नियम पाळतो कीं, एका जोडीचें सर्व बोलणें एकाच तारेनें जावें. कोणत्या जोडीस कोणती तार, हें तो पाठविणारा व घेणारा यांच्या पत्त्यांवरून कांहीं गणित करून ठरवितो. दोनच तारा असतील तर हें गणित सोप्या रूपानें असें सांगतां येईल : दोन्ही पत्त्यांचे शेवटचे आंकडे मिळवावे, बेरीज सम आली तर पहिली तार, विषम आली तर दुसरी.

सोयीसाठीं लहान आंकडे घेऊं. बाहेरचे फोन आमच्या कचेरींतील ज्या पेटींतून आंत येतात तिच्या पत्त्याचा शेवटचा आंकडा ४ समजा. स्वयंपाकघराच्या फोनचा ८ आणि मेट्रनबाईंच्या फोनचा ७. चार आणि आठ बारा, ही संख्या सम. स्वयंपाकघराचें बोलणें सदैव पहिल्या तारेनें जाणार. चार आणि सात अकरा, ही संख्या विषम. बाईंचें बोलणें सदैव दुसऱ्या तारेनें जाणार. गर्दी दोन्ही तारांवर होती. पण आवाजास आधीं सोडण्याचा नियम होता तो पहिल्या तारेवर. सुटींत दुसरी तार जोडली तेव्हां तिच्यावर तो घालावयाचा राहून गेला होता!

आतां पांचहि गोष्टी जागच्या जागीं बसतात. एक फोन स्वच्छ व दुसरा तुटक, कारण दोघांच्या तारा निराळ्या. खोड यंत्राबरोबर गेली, कारण ज्या पत्त्यावरून आमचा स्विच गणित करतो तो यंत्राबरोबरच जातो. यंत्र निर्दोष होतें, त्याच्या वांट्यास आलेली वाट सदोष होती. सकाळीं सर्व ठीक, कारण गर्दी नसली म्हणजे आधीं कोण व मागें कोण हा प्रश्नच उरत नाहीं. आईला सर्व ऐकूं येई, कारण प्रत्येक स्विच फक्त आपल्याकडून निघणाऱ्या रांगेचा धनी असतो. प्रती मुख्य इमारतीकडून बोर्डिंगाकडे जात होत्या, उलट दिशेस वाट मोकळी होती. आणि दुसरी तार आल्यावरच तक्रारी सुरू झाल्या, कारण पूर्वीं सर्वांचा आवाज नियमाच्या तारेनें जाई, आतां निम्म्यांचाच जाऊं लागला. आम्ही वाट वाढविली, पण वाटेचा शिष्टाचार वाढविला नाहीं.

उपाय करतांना ज्या गोष्टी पाळाव्या लागल्या त्या क्रमानें सांगतों, कारण पुढें ज्या विद्यार्थ्यांस हें काम करण्याचा योग येईल त्यांना त्या उपयोगी पडतील. पहिली गोष्ट : जोडलेल्या प्रत्येक तारेवर एकच नियम असावा. कांहीं जातींच्या स्विचांत तो साऱ्या जोडीस एकदांच सांगतां येतो, कांहींत प्रत्येक तारेस निराळा सांगावा लागतो. आपला स्विच कोणत्या जातीचा आहे हें त्याच्या पुस्तकांत पाहून घ्यावें. दुसरी : हाच नियम दोन्ही टोकांस घालावा, एका टोकास घातला तर एकाच दिशेचा आवाज सुधारतो. तिसरी : स्विचांच्या वेष्टनांतील तीन बिटांची खूण ज्या पट्टींत असते ती पट्टी दोन स्विचांमधून काढून टाकलेली नसावी, नाहीं तर खूणहि तिच्याबरोबर जाते. चौथी : निकडीच्या खुणेवर विश्वास ठेवावा तो फोनच्याच. कोणताहि संगणक आपल्या पुडक्यांवर ५ किंवा ४६ लिहूं लागला आणि स्विचानें तें मानलें, तर सारेच निकडीचे ठरतील. आणि सारेच निकडीचे म्हणजे कोणीच नाहीं. म्हणून फोन निराळ्या गटांत ठेवून इतरांच्या खुणा नाक्यावर पुसून टाकाव्या. पांचवी : आवाजाच्या रांगेसहि मर्यादा घालावी, म्हणजे कांहीं बिघाडानें तींत भलतीच गर्दी झाली तर इतरांची वाट कायमची बंद होणार नाहीं.

सहावी गोष्ट परीक्षेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. काम झालें कीं नाहीं हें शांत वेळीं पाहून कळत नाहीं. म्हणून नववीच्या विद्यार्थ्यांच्या साह्यानें आम्हीं बरोबर गर्दीच्या वेळीं परीक्षा घेतली. एका विद्यार्थ्यानें कचेरींतून वीस वाक्यें वाचलीं. कांहींच्या शेवटीं "आहे", कांहींच्या शेवटीं "नाहीं". दुसऱ्यानें बोर्डिंगांत तीं ऐकून लिहून घेतलीं. दोन्ही फोनांवर विसांपैकीं वीस वाक्यें जुळलीं. मग एक तार मुद्दाम उपसून तीच परीक्षा पुन्हां घेतली, आणि ती जोडून दुसरी उपसली. एक तार तुटली तर सर्व भार उरलेल्या तारेवर येतो, आणि नियमाची खरी गरज तेव्हांच लागते. ही परीक्षाहि उतरली, तेव्हां मेट्रनबाईंना त्यांचें जुनें यंत्र परत दिलें. तें बिचारें इतके दिवस 'बिघडलेलें' म्हणून कपाटांत पडून होतें.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अग्रक्रम दिल्यानें तारेची शक्ति वाढत नाहीं. असलेल्या शक्तीची वांटणी तेवढी शहाणपणानें होते. प्रतींची गर्दी रोज वाढत गेली तर वाट वाढवावीच लागेल. पण वाट वाढविणें हें पैशाचें काम आहे, आणि नव्या वाटेवर जुना नियम लागू झाला कीं नाहीं हें पाहणें लक्षाचें काम आहे. पहिलें आमच्या हातून झालें. दुसरें राहिलें, आणि त्याचा दोष आम्हीं एका निरपराध यंत्राच्या माथीं मारला.

असो. पालकांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. जाळें कितीहि नीट बांधलें तरी केव्हां तरी एखादें पुडकें हरवणारच. म्हणून औषधपाणी, प्रवास, पैसे यांविषयीं फोनवर बोलतांना महत्त्वाचा शब्द वाक्याच्या टोंकाशीं लोंबकळत ठेवूं नये. "ती गोळी देऊं नका" यापेक्षां "ती गोळी बंद करा" हें बरें. आणि ऐकणाऱ्यानें ऐकलेलें पुन्हां म्हणून दाखवावें, हें त्याहून बरें. मेट्रनबाईंनीं त्या सायंकाळीं हेंच केलें. आमच्या तारा चुकल्या त्या दिवशीं त्यांचें तीनदां विचारणें चुकलें नाहीं, म्हणून तो मुलगा आज धडधाकट होऊन सहावींत बसला आहे.